दोन अंगठ्यांनी पसंत केलेलं तेल

भैयाजी साठवणे येताना दिसले की जुन्या मंगळवारीतला भजेवाला आधी कढईवर झारा आडवा धरायचा आणि मगच रामराम करायचा. भैयाजी भजी विकत घेत नसत. ते कढईवर वाकून छाती भरून श्वास घेत आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत, अगदी मायेनं सांगत, "कालचं तेल हाय गा हे. त्यात परवाचंबी थोडं हाय." भजेवाल्याचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनातही नसायचं. तेलाबद्दल खरं ते बोललं नाही तर त्यांना अन्न गोड लागत नसे, एवढंच.

लग्नकार्यातही तोच प्रकार. पंगतीत बसले की पहिली पुरी आधी नाकाशी जायची, आणि वधूपिता लांबूनच हात जोडायचा. त्यांच्या बायकोनं, तुळसाबाईंनी, यावर एक तोडगा काढला होता. लग्नाला निघताना त्या नवऱ्याच्या रुमालाला कापूर चोळून देत, म्हणजे नाक कापरानं भरलेलं राहील आणि चार माणसांत शोभा होणार नाही. पण नाकाचा बंदोबस्त केला तरी अंगठा होताच.

भैयाजींचा उजवा अंगठा ही इतवारीच्या बाजारात गाजलेली चीज होती. साठवण्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या लाकडी घाणी. जवस, तीळ, करडई, मोहाची टोळी म्हणजे बिया, जे म्हणाल ते त्या घाणीतून निघालेलं. तेलाचा थेंब अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचा, चोळायचा, मग चिमूट कानापाशी नेऊन पुन्हा चोळायची. अस्सल तेल कानाशी गप्प राहतं. भेसळीचं तेल करकरतं. आपल्यासारख्याला त्यात काही ऐकू यायचं नाही, पण भैयाजींना यायचं. इतवारीतले भलेभले व्यापारी पिंप उघडलं की त्यांना बोलावून घेत. भैयाजी कानाशी चिमूट धरून डोळे मिटायचे, सगळी पेढी श्वास रोखून बसायची, आणि ते "हे तीळ नाही" म्हणाले की पिंप आल्या वाटेनं परत जायचं.

साऱ्या नागपुरात एकच माणूस या अंगठ्याला मोजत नव्हता, आणि तो माणूस भैयाजींच्या घरातच बसलेला असायचा. धोंडबाजी, त्यांचे वडील.

ही विद्या मुळात धोंडबाजींची. लेकाला घाणीपाशी उभं करून त्यांनीच ती शिकवली, आणि शिकवताना कौतुकाचा एक शब्द तोंडातून सांडू दिला नाही. लहानपणी भैयानं करडईत मिसळलेलं जवस ओळखलं तेव्हा धोंडबाजी म्हणाले होते, "हं. उशीर लागला." पुढं मोठ्या पेढीवरून खास माणूस बोलवायला येऊ लागला तेव्हाही "हं". बाजारात लोक भैयाजींच्या नावानं तेल मागू लागले तेव्हाही "हं". त्या हं मध्ये 'बरं आहे' पासून 'अजून खूप शिकायचं आहे' पर्यंत काहीही बसायचं, आणि भैयाजी दर वेळी त्यातलं सगळ्यात वाईट तेवढं उचलून घेत. त्यांना हे लागायचं. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी लागायचं. तुळसाबाई चिडवायच्या, "साऱ्या इतवारीनं मान हलवली, तरी तुमचं ध्यान बाबाजीच्या मानेवर." भैयाजी म्हणायचे, "इतवारीले तेलातलं काय समजते वं?" तुळसाबाई यावर हसायच्या आणि कामाला लागायच्या. एवढं मात्र खरं, की बापानं एकदा, मरायच्या आधी एकदाच, 'भैया, तुझा अंगठा तयार आहे' म्हणावं, याहून जास्त त्या माणसाला जगाकडून काही नको होतं.

पुढं गिरण्यांचं तेल आलं आणि घाणी थांबली. घाणीचा बैल म्हातारा होऊन गेला, आणि त्याच्या जागी भैयाजींनी एक तीनचाकी मोटार आणली. मोटार म्हणजे काय, तर पुढं मोटरसायकलचं तोंड, मागं दोन जाडजूड चाकं आणि त्यावर लाकडी हौदा. वाडीच्या एका गॅरेजात लहानू नावाच्या मिस्त्रीनं तुकडे जोडून ती उभी केली होती. दिसायला कुणीही हसावं अशी, पण ट्रक जिथं चाक टाकत नाही तिथं ही जायची. काटोलकडच्या बगिच्यांतून चिखलातनं संत्र्यांची खोकी सडकेवर आणायची, नाला ओलांडायची, बांधावरनं तिरकी चालायची. भैयाजी तिच्यातनं आठवडी बाजारांना तेलाचे पिपे नेत आणि येताना मिळेल तो माल आणत. संध्याकाळी घरी आले की ते मोटारीला साखळीनं बैलाच्याच खुंट्याला बांधत. अख्खी गल्ली याला हसली. भैयाजी म्हणाले, "सवय हाय गा. खुंट्यालेबी अन् मलेबी."

आता मोटार म्हटली की तिच्या पोटात तेल घालणं आलं, आणि तेल म्हटलं की भैयाजींना सांगणारा अजून जन्माला यायचा होता. लहानूनं तरी सांगून पाहिलं. कानामागची विडी काढत तो म्हणाला, "भैयाजी, ट्रकची गोष्ट अलग. त्याचा क्लच कोरडा राहते. तुमच्या मोटारीत क्लचच्या प्लेटा तेलातच बुडून राहतात. बुचाच्या चकत्या हायेत त्याईले. त्या एकमेकीले घट्ट धरतात तवा मागची चाकं फिरतात. म्हून साधं चाळीस नंबरचं तेल घालत जा. लय मुलायम नका घालू."

"लहानू," भैयाजी म्हणाले, "तू नट पाह्य, बोल्ट पाह्य. तेल मी पाहतो. तेलात जल्मलो मी."

"जल्मले ना तुमी. पण मोटार कुठं तेलात जल्मली?"

भैयाजींनी हे बोलणं मनावर घेतलं नाही, पण चाळीस नंबरचं तेल मात्र मुकाट्यानं घालत राहिले, कारण तेव्हा लहानूशिवाय मोटारीला दुसरा वाली नव्हता. घालताना दर वेळी थेंब कानाशी नेऊन तोंड वाकडं करायचे. करकरायचं ते. असलं तेल घाणीवर निघालं असतं तर बाबाजींनी पिपा नालीत ओतला असता, असं त्यांना वाटायचं, आणि आपल्या मोटारीला आपणच हलकं खाऊ घालतो याची लाज वाटायची.

त्या वर्षी दिवाळीत धोंडबाजींनी एकाएकी सांगितलं, "मले बायजाकडं घेऊन चाल." बायजाबाई ही त्यांची धाकटी बहीण. पारशिवनीच्या पुढं, नाल्यापलीकडच्या खेड्यात दिलेली. बस पारशिवनीपर्यंतच जायची, पुढची वाट पायांची, आणि धोंडबाजींच्या गुडघ्यांनी पाय म्हणवून घेणं केव्हाच सोडलं होतं. डोळेही गेले होते; माणूस उभा आहे की बसला, एवढंच दिसायचं. कित्येक भाऊबिजा अशाच गेल्या. बहिणीनं दरवर्षी चंद्राला ओवाळून भावाच्या नावानं ताट ठेवावं आणि भावानं इकडं नागपुरात गुमान बसून राहावं.

"तुह्या त्या फटफट्यात बसीन मी," धोंडबाजी म्हणाले.

आजवर त्यांनी त्या मोटारीला हातही लावला नव्हता. भैयाजी हरखून गेले. बाप पहिल्यांदाच आपल्या मोटारीत बसणार, बहिणीच्या दारी जाऊन उतरणार! अशा दिवशी मोटारीच्या पोटात ते करकरणारं तेल? त्यांनी तडक वाडी गाठली. तिथं अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोदामं, ओळीनं उभे ट्रक, आणि ट्रकवाल्यांना लागेल ते विकणारी दुकानं. एका दुकानदारानं काळा डबा पुढं केला. आत शाईसारखं काळं तेल. त्यात पेन्सिलीच्या शिसासारखी कसलीशी भुकटी घोटलेली. "हे तेल लोखंडाले लोखंड लागूच देत नाही," दुकानदार म्हणाला. भैयाजींनी थेंब चिमटीत धरला, आणि बोटं एकमेकांवरून अशी निसटली की त्यांना हसूच आलं. कानाशी नेलं. गप्प. एवढं गप्प तेल त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

तरी या खेपेला त्यांनी एकट्यानं निवाडा केला नाही. काळा डबा आणि जुन्या तेलाचा डबा, दोन्ही घेऊन ते घरी आले. ओसरीवर धोंडबाजी बसले होते. भैयाजी त्यांच्यापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाबाजी, मोटारीसाठी तेल पाहाचं हाय. दोन हायेत. तुमी सांगा."

धोंडबाजींनी कुणी न सांगता आधी हात धोतराला पुसला. कित्येक वर्षांत त्यांच्यापुढं कुणी तेल ठेवलं नव्हतं. आधी साधं तेल चोळलं. कानाशी नेलं. "हं," म्हणाले, आणि बोटं झटकली. मग काळ्या तेलाचा थेंब. चोळलं, थांबले, पुन्हा चोळलं. कानाशी चिमूट नेऊन इतका वेळ बसले की तुळसाबाई स्वयंपाकघरातून डोकावून गेल्या.

"हे," धोंडबाजी म्हणाले. "तू कोणतं म्हणतं?"

"मीबी हेच म्हणतो."

"आधीच पाह्यलं होतं तू?"

"हाव."

म्हाताऱ्यानं हात पुढं करून लेकाचा हात शोधला. अंगठ्यावरून आपलं बोट फिरवलं, एखाद्यानं धान्याची मूठ उघडून पाहावी तसं. आणि अगदी सहज, पाणी मागावं इतक्या सहज म्हणाले, "भैया, तुहा अंगठा तयार झाला गा."

भैयाजी उठले आणि सरळ घराबाहेर गेले. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. पाय नेतील तिकडं हिंडले. भज्याच्या गाडीपाशी थांबले, भज्यांचा पुडा विकत घेतला आणि उभ्याउभ्या सगळा खाल्ला, कढईकडं ढुंकूनही न पाहता. भजेवाला घाबरला. गाडी पोरीवर सोडून तो तुळसाबाईंना विचारायला आला, की भैयाजींची तब्येत बरी आहे ना?

भाऊबिजेच्या सकाळी हौद्यात गादी टाकली, टेकायला लोड ठेवला. धोंडबाजी पांढरं स्वच्छ धोतर, टोपी, गळ्यात नवा पंचा अशा थाटात बसले. मांडीवर बहिणीसाठी घेतलेलं लुगडं. तुळसाबाई घरीच राहिल्या, त्यांचाही भाऊ यायचा होता. जुनं तेल काढून काळं तेल भरलं होतं. उरलेलं साधं तेल भैयाजींनी साखळीला टाकायला म्हणून बसण्याखालच्या पेटीत ठेवलं, शेजारी काळ्या तेलाचा रिकामा डबाही ठेवला, आणि निघाले.

कामठी गेली, कन्हान गेली. डांबरी सडकेवर मोटार लोण्यातून चालल्यासारखी चालली. भैयाजी मधूनमधून मागं वळून ओरडत, "पाहून राह्यले का बाबाजी, आवाजच नाही!" डोळे नसलेल्या बापाला 'पाहून राह्यले का' विचारतो आहोत हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. धोंडबाजी म्हणायचे, "हाव. गप्प चालते." पारशिवनी आली तोवर बापलेकांनी आपसांत ठरवूनच टाकलं, की लहानूला नट-बोल्ट चांगले समजतात, बाकी काही समजत नाही.

पारशिवनीच्या पुढं बैलगाडीची वाट लागली, आणि मग नाला. पाणी नावालाच होतं, पण तळाशी वाळू आणि पलीकडं उभा चढ. असले चढ ही मोटार रोज चढायची. भैयाजींनी पहिला गिअर टाकला, मूठ पिळली. इंजिन ओरडलं. असं ओरडलं की झाडावरचे बगळे उडाले. पण चाकं जागची हलली नाहीत. पुन्हा मूठ पिळली. पुन्हा ओरडा, चाकं शांत. आणि मग खालून जळकट वास आला, कुणी चुलीत बाटलीचं बूच टाकावं तसा.

"काहून थांबला?" मागून धोंडबाजींनी विचारलं.

"जरा दम खाऊ देतो हिले."

दम खाऊन झाला. मोटार नुसती ओरडत होती. भैयाजींनी तार पाहिली, पेट्रोल पाहिलं, उगाच एका चाकाला लाथ मारली. इंजिनाखाली हात घालून आले तेव्हा मनगटापर्यंत काळे झाले होते. तेवढ्यात मागून एक बंडी आली. बंडीवाला बायजाबाईच्याच गावचा निघाला. त्यानं मोटारीकडं पाहिलं, आपल्या बैलांकडं पाहिलं, आणि त्याला झालेला आनंद त्यानं मुळीच लपवला नाही. "बांधा दोर," तो म्हणाला. "माहे बैल ओढतात तुमच्या मोटारीले."

भैयाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण दोर बांधला. बैलांनी जोर लावला, बंडी पुढं गेली, गाठ सुळकन् सुटली, आणि मोटार वाळूत होती तिथंच. पुन्हा बांधला. पुन्हा तेच. बंडीवाला खो खो हसायला लागला. तेव्हा हौद्यातून धोंडबाजी ओरडले, घाणीपाशी ओरडायचे त्याच आवाजात, "भैया! तेलाच्या हातानं दोर बांधून राह्यला का रे? राखड लाव हाताले! तेल लागल्या गाठी का बसतात कधी?"

भैयाजी दोर हातात घेऊन तसेच उभे राहिले.

घाणीवरचा पहिला धडा होता हा. घाणीत सगळं तेलकट चालतं. उखळ, त्यात फिरणारा लाकडी खांब म्हणजे लाट, भिंती, माणसं. पण बैलाचा दोर लाटेला बांधतात तिथं तेलाचा ठिपका चालत नाही. गाठ सुटली की बैल गोल गोल फिरत राहतो, घाणी जागची हलत नाही, आणि तेल निघत नाही. तिथं राख चोळायची. तिथं करकर लागते. आणि लहानू सांगत होता त्या प्लेटा! त्या एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा चाकं फिरतात. त्या गाठीवरच आपण जगातलं सगळ्यात निसटतं तेल ओतलं होतं. आपण म्हणजे दोघांनी.

भैयाजींनी दोर बंडीवाल्याला परत दिला. तो म्हणाला, "बुवाले माह्या बंडीत देता का? घरी नेऊन सोडतो."

"नाही," धोंडबाजी म्हणाले. "बायजाले निरोप धाडला मी. पोराच्या मोटारीत येतो म्हून. तू पुढं हो, अन् सांग येऊन राह्यले म्हून."

बंडी गेली. भैयाजींनी वडिलांना उचलून मोहाच्या सावलीत बसवलं आणि मोटारीशी येऊन मांडी घातली. काय करायचं ते त्यांना पुरतं कळलं होतं. काळं तेल रिकाम्या डब्यात काढायचं. झाकण खोलून प्लेटा बाहेर घ्यायच्या, पेट्रोलनं धुवायच्या, बूच दगडावर जरा खरखरीत करायचं, आणि ते साधं तेल भरायचं. लहानूला हे करताना त्यांनी पाहिलं होतं. पान्हे पेटीत होते. पुसायला कापड नव्हतं, म्हणून त्यांनी अंगातला दिवाळीचा नवा सदरा काढला.

हात चालत होते, पण मन चालत नव्हतं. बाबाजी विचारतील काय झालं, तेव्हा सांगायचं काय? खरं सांगायचं तर, तेल चुकलं. तेल चुकलं म्हणजे अंगठे चुकले. मग परवा ओसरीवर बोललेलं ते वाक्य कुठं राहिलं? ज्या तेलापायी बापानं तयार म्हटलं, तेच तेल आता डब्यात निथळत होतं. भैयाजींना स्वतःचीच कीव आली. एवढ्या वर्षांनी मिळालं, आणि दोन दिवसही टिकू नये?

पण सदऱ्यानं प्लेट पुसता पुसता त्यांनी सावलीकडं पाहिलं. धोंडबाजी लुगडं मांडीवर घेऊन ताठ बसले होते, मान आवाजाकडं वळवून. डोळे गेले, गुडघे गेले. त्या देहात एक अंगठाच उरला होता. तोही चुकला असं सांगायचं, आणि ते बहिणीच्या दारी जायच्या वाटेवर? ते वाक्य गेलं तर जाऊ दे. भैयाजींनी ठरवलं, आणि पुढची प्लेट पुसायला घेतली.

साधं तेल ओतायला घेतलं तेव्हा सावलीतून प्रश्न आलाच. "काय झालं होतं गा?"

"माही चुकी, बाबाजी," भैयाजी म्हणाले. "डबे अदलाबदल झाले. आपण पसंत केलेलं तेल मी भरलंच नाही. जुनंच भरलं होतं घाईत. त्यानं घोटाळा केला. आता तुमी सांगतलं तेच भरून राह्यलो."

धोंडबाजींनी पंच्यानं आपला अंगठा पुसला. मग त्यांनी हात पुढं केला. "पाहू."

भैयाजींच्या एका बाजूला साध्या तेलाचा डबा होता, दुसऱ्या बाजूला इंजिनातून काढलेलं काळं तेल. त्यांनी काळ्या तेलात बोट बुडवलं, जाऊन वडिलांच्या अंगठ्यावर थेंब ठेवला. धोंडबाजींनी चोळलं. कानाशी नेलं. थोडे थांबले.

"हाव," म्हणाले. "हेच ते."

भैयाजींनी सुटकेचा श्वास टाकला, साधं तेल ओतून संपवलं, झाकण आवळलं, वडिलांना हौद्यात बसवलं आणि मूठ पिळली. प्लेटांनी एकमेकींना धरलं. मोटार कुरकुरत, चारचौघांसारखी गुरगुरत, वाळू उडवत चढाला भिडली आणि वर निघाली. भैयाजी उघडेच होते. गावात शिरताना लोकांनी पाहिलं, की भाऊबिजेला एक टकला माणूस फक्त धोतर नेसून, अंगभर काळे डाग घेऊन, बापाला घेऊन आला आहे.

बायजाबाई दारातच उभ्या होत्या. भैयाजींनी वडिलांना उचलून उंबऱ्यात उभं केलं. धोंडबाजींनी चाचपडत बहिणीचा चेहरा शोधला आणि दोघंही म्हातारी उंबऱ्यात उभी राहून रडली. मग पाट मांडला, ताम्हण आणलं, ओवाळलं. लुगडं दिलं. सगळं आटोपल्यावर बायजाबाईंनी भावाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "दादा, अंगठ्याले काय काळं लागलं हे? थांब, पुसून देतो."

"राहू दे," धोंडबाजी म्हणाले. "मोटारीचं तेल हाय. भैयानं दिलं पाहाले." आणि मग लेक जिकडं बसला असेल त्या बाजूला तोंड करून म्हणाले, "गरम होतं, भैया."

भैयाजींच्या हातातला पाण्याचा गडवा तसाच राहिला.

"डब्यातलं तेल थंड राहते. हा थेंब इंजिनातून निघालेला होता. म्हंजे आपण पसंत केलेलंच तेल भरलं होतं तू. अन् त्यानंच मोटार फसली."

"बाबाजी," भैयाजी कसेबसे म्हणाले, "मंग तुमी हाव काहून म्हणलं?"

"तू माह्या अंगठ्यापायी खोटं बोलून राह्यला होता. मी काय तुले लबाड म्हणू, सणाच्या दिवशी?" बायजाबाईंना यातलं काही समजेना, त्या एकदा भावाकडं, एकदा भाच्याकडं पाहत राहिल्या. धोंडबाजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "तेल आपण दोघांनी चुकीचं पसंत केलं. पण ते चुकीचं हाय हे समजलं कोणाले? मी तर नुसता सावलीत बसून होतो. म्हून त्या दिवशी जे बोललो ते मी वापस घेत नाही."

भैयाजींनी गडवा खाली ठेवला आणि मोटार पाहून येतो म्हणून बाहेर गेले. मोटारीला काही झालेलं नव्हतं. ते बराच वेळ हौद्याच्या आडोशाला उभे होते. आत्याबाईंनी जेवायला हाक मारली तेव्हा आत येऊन, डोळ्यांत पेट्रोल गेलं म्हणाले.